९०४ मधली रेवती

१

रविवारी बूथ आणि सोमवारपासून दारं. पोलिओच्या फेरीचं काम एवढंच, आणि रहाटणीत सहा वर्षं आशाताई म्हणून हिंडून ते स्वरूपाच्या पायांना पाठ झालं होतं. रविवारी बूथवर जी पोरं येतील ती येतील, उरलेल्यांना सोमवार ते शुक्रवार घरी जाऊन गाठायचं. खांद्याला बर्फाची पेटी, हातात तक्त्यांचं पॅड, पिशवीत खडू. घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला की दाराशेजारी 'पी' लिहायचा. घराला कुलूप असेल किंवा पोर मामाकडं गेलं असेल, तर फुली मारायची. फुलीच्या घरी पुन्हा जायचं, तरी नाही भेटलं तर पुन्हा जायचं आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या फुल्या मिटवून आणायच्या, असा दवाखान्याचा शिरस्ता. फुली राहिली की मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून कारण सांगावं लागतं.

त्या जानेवारीत तिची एकच फुली राहिली होती. गगनदीप सोसायटी, सी विंग, नववा मजला, ९०४. सोमवारी कुलूप, बुधवारी कुलूप. शुक्रवारी दुपारी ती तिसऱ्यांदा गेली तर लिफ्ट बंद. जोडीदारीण मोनिका तापानं घरी, पेटीतल्या बर्फाचं पाणी झालेलं. स्वरूपा सहाव्या मजल्यापर्यंत चढली आणि पायरीवर बसली. गुडघे वाजत होते. बसल्या बसल्या तिनं पॅड मांडीवर घेतलं आणि ९०४ समोर लिहून टाकलं: मुलं एक, डोस दिला.

असं सगळ्याच करतात, कबूल कुणी करत नाही. पण त्या फेरीपासून नवा नियम आला होता. फुलीच्या घरचं मूल सापडलं की त्याचं नाव, वय, आईचं नाव आणि मोबाइल नंबर लिहायचा, म्हणजे कुणी खोटं लिहिणार नाही. रकाने वाढवणाऱ्या शहाण्यांना वाटतं, रिकाम्या रकान्यापुढं माणसाचा हात थबकतो. कसला थबकतोय! स्वरूपानं वय लिहिलं तीन. नाव लिहिलं रेवती. आईचं नाव पटकन सुचेना, म्हणून स्वतःचंच लिहिलं. नंबरही स्वतःचाच टाकला. मग पॅड पिशवीत घातलं आणि ती खाली उतरली. वरच्या दारावरची फुली पुसायलासुद्धा ती गेली नाही.

२

रेवती हे नाव कुठून आलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. लग्न ठरल्यावर जिंतूरला, मावशीच्या घरी, नवनाथनं लाजत लाजत विचारलं होतं, मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं? आणि तिनं क्षणाचाही विचार न करता हे नाव सांगितलं होतं. त्याला आता नऊ वर्षं झाली. मूल त्यांनी होऊ दिलं नव्हतं, ठरवून. हा 'ठरवून' कुणालाच खरा वाटायचा नाही. गावाकडं सासू डॉक्टरांचे पत्ते पाठवायची, शेजारणी उपास सुचवायच्या, आणि स्वरूपा हसून सगळ्यांना हो म्हणायची.

नवनाथ चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होता. कंत्राटावर, दर अकरा महिन्यांनी नेमणुकीचं नवं पत्र. तो वाचणारा, विचार करणारा माणूस. रहाटणीतल्या दुसऱ्याच उन्हाळ्यात, तीन दिवस टँकर आला नव्हता तेव्हा, बादलीतलं पाणी तांब्यानं मोजता मोजता तो म्हणाला होता, "आपल्याच्यानं हे वय ढकलणं होईना, आन् तो पोऱ्या अजून साठ-सत्तर वर्षं काढणार. तवा काय ऊन असंल, काय पाणी असंल, काम तरी असंल का? आपली हौस म्हणून आणायचं एकाला. पण त्याला कुणी विचारलं का, बाबा, तुला यायचंय का म्हणून?"

स्वरूपाला ते पटलं होतं. ती रोज बघत होती ना. दोन महिन्यांच्या बाळाच्या छातीतली घरघर. वाफेचं मशीन लावून झोपवलेली पोरं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काळेवाडीकडच्या खोल्या, जिथं आईबाप दोघंही कंपनीत जाताना बाहेरून कुलूप घालून जायचे आणि आतलं पोर खिडकीच्या गजांतून रस्ता बघत बसायचं. अशा आईबापांचा तिला संताप यायचा. सांभाळायला माणूस नाही तर आणलं कशाला, असं ती तोंडावर बोलून दाखवायची.

आपण तसं केलं नाही, याचा तिला थोडा अभिमानही होता. मात्र नवनाथची दुसरी पाळी असली की संध्याकाळचं घर तिला खायला उठायचं. मग ती टीव्ही लावायची आणि न बघता भाजी निवडत बसायची.

३

फेब्रुवारीत तिच्या मोबाइलवर मेसेज आला. 'प्रिय पालक, आपली मुलगी रेवती हिला जंतनाशक गोळी देण्याची तारीख…' स्वरूपा रस्त्यातच थांबून हसली. नंबर आपला टाकला म्हटल्यावर मेसेज आपल्यालाच येणार. मोनिकाला सांगितलं तर तीही हसली. तिच्या मोबाइलवर म्हणे अशा चार पोरांचे मेसेज येतात.

पण मोनिकाची चारही पोरं खरी होती, त्यांच्या आयांकडं मोबाइल नव्हता एवढंच.

यादीत नाव एकदा गेलं की ते पुढच्या यादीत आपोआप येतं. दवाखान्यातल्या सुमनताई सिस्टर यादी वाचायच्या, "गगनदीप, रेवती, वय तीन, गोळी?" आणि स्वरूपा म्हणायची, "दिली." मार्चमध्ये जीवनसत्त्वाचा डोस, तोही दिला. वजन विचारलं तर तिनं बारा किलो सांगितलं. पुढच्या वेळी दोनशे ग्रॅम वाढवून सांगितलं, आणि सांगताना तिला उगाचच बरं वाटलं. शेऱ्यात लिहिलं, तब्येत ठीक.

एकदा शेऱ्याच्या जागी तिनं 'बडबडी आहे' असं लिहिलं. मग खोडलं. असल्या गोष्टी तिथं लिहायच्या नसतात.

४

एप्रिलमध्ये एका शनिवारी अंगणवाडीच्या शालनबाईंनी तिला बोलावून घेतलं. शालनबाई जुन्या रहाटणीच्या, वाडीत शेतं होती तेव्हापासूनच्या. त्यांच्या जिभेला हाड नाही आणि पोटात पाप नाही. खिचडीच्या पातेल्यावर झाकण ठेवत त्या म्हणाल्या, "स्वरूपा, तुझ्या यादीतली ती गगनदीपमधली पोर. बारा किलो कुठं लिवलंस गं? हाताला नुसती हाडं लागत्यात तिच्या."

स्वरूपाला आधी कळलंच नाही. "कुठली पोर?"

"रेवती. न्हवव्या मजल्यावरची. मी काल पोषणाच्या सर्वेला गेल्ते. दार न्हाई उघडलं तिनं, कडीला हात पुरत न्हाई म्हनली. पर दाराखालनं बोटं काढती बाहेर. मी बिस्कुट सारलं आत, तर गपकन घेतलं बघ. कवाची उपाशी व्हती कुनास ठाऊक."

"मावशी, घर चुकलं असेल तुमचं."

"मी चुकतीया व्हय? दारावर तुझीच फुली हाय. आन् नाव तिनंच सांगितलं की. आईचं नाव इचारलं तर म्हनली, स्वरूपा." शालनबाई हसल्या. "तुझ्याच नावाची कोनतरी बाई हाय. जा आन् चांगली झाप तिला. एवढ्याशा लेकराला कोंडून कामाला जाती, आई हाय का कोन हाय!"

५

रविवार मधे गेला, आणि सोमवारी भर दुपारी स्वरूपा गगनदीपमध्ये गेली. दोन रात्री तिनं कारणं जुळवली होती. कुणीतरी खरोखर राहायला आलं असेल. पोरीचं नाव खरोखर रेवती असेल, हल्ली अशी नावं ठेवतात. आईचं नाव शालनबाईंनी यादीत वाचलं असेल आणि नंतर पोरीच्या तोंडी घातलं असेल, म्हातारं माणूस आहे. एकेक कारण धड होतं. सगळी एकत्र केली की मात्र ती टिकत नव्हती.

गेटवरचे वॉचमन उद्धवराव तिच्या ओळखीचे. त्यांनी सरळ सांगितलं, "न्हवशेचार? ते इकलंच न्हाई अजून. बिल्डिंग झाल्यापास्नं बंद हाय. चावी हितंच केबिनात लटकतीया. तुमी मागं तीनदा आल्ता तवाच सांगनार व्हतो, पर तुमी इचारलं कुठं?"

ते खरं होतं. तिनं विचारलं नव्हतं.

लिफ्ट त्या दिवशी चालू होती. नवव्या मजल्याच्या बोळात उजेड होता, पण माणूस नव्हतं. तीन दारांपुढं पायपुसणी आणि चपला होत्या, चौथ्यापुढं काही नव्हतं. दाराशेजारी फुली तशीच. कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली, आणि ती थांबल्यावर बोळ फारच शांत झाला. स्वरूपा दाराशी कान नेऊन उभी राहिली. आत काही नव्हतं. एक-दोन मिनिटं गेली. तिनं सुटकेचा श्वास सोडला, आणि त्या श्वासालाच उत्तर दिल्यासारखं आतून कुणीतरी म्हणालं, "कोण हाय?"

आवाज खालून आला होता, दाराच्या अगदी तळाशी.

"मी आशाताई," स्वरूपा म्हणाली. सवयीनं म्हणाली. "घरात कोण आहे, बाळा?"

"मीच हाय."

"आई?"

"आई शिफ्टला गेली."

"कधी गेली?"

"शुक्रवारी."

शनिवार, रविवार आणि आज, असे तीन दिवस स्वरूपानं बोटांवर मोजले, आणि मोजता मोजता तिचा हात थांबला. कुठला शुक्रवार ते तिला कळलं होतं. पायरी आठवली, मांडीवरचं पॅड आठवलं.

"तू काय करायलीस तिथं?" आतून विचारलं गेलं. रहाटणीत असं कुणी बोलत नाही. हे 'करायलीस' तिच्या माहेरचं होतं, तिच्या आईच्या तोंडचं.

ती खाली वाकली. मग दाराखालच्या फटीतून एक बोट बाहेर आलं. धुळीनं पांढरं झालेलं, फार लहान. डाव्या हाताची करंगळी होती ती. डोस पाजल्यावर शाईची खूण करतात तेच बोट, आणि खूण करून घ्यायला पोरं ते असंच पुढं धरतात. नखावर शाई नव्हती. बोट तसंच वाट बघत राहिलं.

स्वरूपा नऊ मजले जिन्यानं उतरली. लिफ्ट समोर उघडी उभी होती, हे तिला खाली आल्यावर आठवलं.

६

नवनाथची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी तो घरी असायचा. मंगळवारी तिनं चहा गाळता गाळता त्याला सगळं सांगितलं. त्यानं मधे तोंड घातलं नाही. ऐकून झाल्यावर त्यानं तिच्या हातातलं गाळणं काढून ठेवलं आणि तिला खुर्चीवर बसवलं.

"तुला मूल पाहिजे हाय का?" त्यानं विचारलं. चिडून नाही, अगदी हळू विचारलं. "तसं असंल तर सांग. आपण पुन्हा बोलू."

"तसं नाही हो. मला पाहिजे असतं तर मी सांगितलं असतं. पण ती आहे. मला नको होती तरी ती आहे."

"कागदावर हाय."

"शालनमावशींनी बिस्किट दिलं तिला."

नवनाथ खिडकीतून बाहेर बघत राहिला. समोर नव्या टॉवरचं काम चालू होतं. "मग नाव काढून टाक," तो म्हणाला. "सरळ उपाय हाय."

तिनं पिशवीतून फॉर्म काढून टेबलावर ठेवला. तो तिनं आदल्या दिवशीच दवाखान्यातून आणला होता. यादीतून मूल कमी करायचं तर कारण द्यावं लागतं, आणि कारणं दोनच छापलेली. एक, कुटुंब दुसरीकडं गेलं. दोन, मूल दगावलं.

"पहिल्यावर खूण कर की."

"मग नवा पत्ता लिहावा लागतो."

"लिही कुठलाबी."

"कुठलाबी लिहिला तर तिथं जाईल ना ती," स्वरूपा म्हणाली, आणि हे बोलल्यावर तिला रडू फुटलं. "तिथंबी दार बंद असंल. मी तिला तीन वर्षांची लिहिली, आई शिफ्टला गेलेली लिहिली नव्हती, उपाशी लिहिली नव्हती. मी दुसरं काहीच लिहिलं नाही म्हणून तिला दुसरं काहीच नाही. काळेवाडीतल्या बायांना मी किती बोलले हो! त्यांनी निदान पोटाशी धरलं होतं. मी जिना चढायचा कंटाळा आला म्हणून आणली तिला."

"मग आता काय म्हणणं हाय तुझं?"

"पत्त्याच्या जागी आपला पत्ता लिहू का?"

त्यानं फॉर्म उचलून वाचला. "आपण ठरवलं होतं," तो म्हणाला. "दोघांनी मिळून. मला न विचारता..." त्यानं फॉर्मची घडी करून खिशात ठेवली. "दोन दिवस दे मला. घाई करू नको."

तिनं दिले. नऊ वर्षांत त्यानं तिच्याकडं काही मागितलं नव्हतं, म्हणून दिले.

७

गुरुवारी तिला दिवसभर चिंचवडला प्रशिक्षण होतं. ते लवकर सुटलं. ती दवाखान्यात आली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. लसीकरण आटोपलं होतं आणि सुमनताई एकट्याच कॉम्प्युटरपुढं बसल्या होत्या.

"बरं झालं आलीस," त्या म्हणाल्या. "तुझा नवरा दोनच्या सुमारास येऊन फॉर्म देऊन गेला. कंपनीची बस गाठायची म्हणून घाईत होता. वाईट वाटलं गं. त्या गगनदीपच्या मुलीचं."

स्वरूपा टेबलाशी आली. "कुठला फॉर्म?"

सुमनताईंनी तो पुढं सरकवला. नवनाथचं अक्षर स्वच्छ होतं, कंपनीत रोज तपासणीचे तक्ते भरणाऱ्याचं अक्षर. दुसऱ्या कारणापुढं खूण. आजार, ताप. मृत्यूसमयी जवळ कोण होते, या ओळीपुढं लिहिलं होतं: कोणी नाही.

"आणि हे बघ काय करून ठेवलंय," सुमनताई म्हणाल्या. "तारीख आजची आणि वेळ दुपारी चार! चार अजून वाजायचेत. पुरुषांना काही म्हणता काही कळत नाही. वेळ मागाहून दुरुस्त करू, पण चौकशीला जावं लागेल आपल्याला. लहान मुलाचा मृत्यू म्हटल्यावर सोडत नाहीत."

"ताई, हे मागं घ्या. चूक झाली. ती आहे."

"अगं, मी तासाभरापूर्वी भरून वर पाठवलं. एकदा मृत्यू टाकला की आपल्याला परत फिरवता येत नाही, तशी सोयच नाही यात. फार तर नवीन नोंद करू. त्याच नावाची, त्याच पत्त्यावर."

"ती दुसरी होईल," स्वरूपा म्हणाली.

तिनं नवनाथला फोन लावला. मागं बसची घरघर होती. "मी तुझ्यासाठीच केलं," तो म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता. "पत्ता लिहिला असता तर तू आयुष्यभर त्या पत्त्याच्या मागं हिंडली असतीस. हे एकदाचं संपलं. स्वरूपा, कागद हाय तो. फक्त कागद."

"चारच का लिहिलंत?"

"काय?"

"वेळ. चार."

"चारला आमचा भोंगा होतो. तेवढंच सुचलं." तो थांबला. "का गं?"

तिनं फोन ठेवला. त्याच्यावर रागवावं असं तिला वाटलं नाही. तिलाही त्या पायरीवर जे पहिलं सुचलं तेच तिनं लिहिलं होतं. सुमनताईंच्या टेबलावरचं पेन उचलून तिनं फॉर्मवरचं 'कोणी नाही' खोडलं आणि त्याच्यावर लिहिलं: आई. सुमनताई अगं-अगं करत होत्या तोवर ती रस्त्यावर पोचली होती.

८

उद्धवरावांनी चावी काढून दिली, तिच्या तोंडाकडं बघून काही विचारलं नाही. "मी येऊ का वर?" एवढंच म्हणाले. ती नको म्हणाली.

कुलूप जड होतं, पण चावी फिरली. आतून कडी नव्हतीच लावलेली. दार उघडताना ते मधेच कशालातरी अडलं, हलक्या, मऊ कशालातरी, आणि मग ती अडचण बाजूला सरल्यासारखं सैल झालं. स्वरूपा आत गेली.

मोकळा हॉल. कोऱ्या फरशीवर सिमेंटची बारीक धूळ. खिडकीला पडदे नाहीत, म्हणून दुपारचं ऊन थेट भिंतीपर्यंत आलेलं. धुळीत पावलं होती. लहान, अनवाणी, इतकी की एकावर एक पडून जमीन पुसल्यासारखी झाली होती. पण सगळी दारापाशी. दारापासून दोन हातांवर ती संपत होती. खिडकीकडं एकही पाऊल गेलेलं नव्हतं, आतल्या खोल्यांकडं एकही नाही. तीन महिने कुणीतरी फक्त दाराशी उभं राहिलं होतं.

मिस्तऱ्यांची पोरं आली असतील, स्वरूपाच्या मनानं सांगून पाहिलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

ती दाराशेजारी भिंतीला पाठ लावून खाली बसली, धुळीत, चप्पल काढून. घड्याळात चार वाजायला अकरा मिनिटं कमी होती. तिला भीती वाटत होती. इतकी, की पायाची बोटं गार पडली होती. तरी ती उठली नाही. डावीकडं बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, कारण बघितलं तर आपण पळू हे तिला माहीत होतं. मग डाव्या बाजूनं तिचा पदर खाली ओढला गेला. हळू, कुणीतरी पाडव्याच्या बाजारात गर्दीत चुकू नये म्हणून धरावा तसा. त्याच्यामागोमाग ताप आलेल्या अंगाची ऊब तिच्या दंडाला लागली.

"शिफ्ट संपली?"

"संपली," स्वरूपा म्हणाली.

ऊब जरा जवळ आली. वजन फार नव्हतं. बारा किलो तर मुळीच नव्हतं.

कितीतरी वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते तिच्या तोंडाशी आलं. तुला यायचं होतं का गं? एवढंच विचारायचं होतं. नवनाथ म्हणायचा तसं, आणायच्या आधी विचारायचं. आता विचारलं तरी चालेल का, हे तिला ठरवता येईना. खाली रस्त्यावर टँकर हॉर्न वाजवत होता. खिडकीबाहेर उन्हात, अर्धवट टॉवरांच्या पलीकडं, आणखी टॉवर दिसत होते.

तिच्या आधी पोरच बोलली.

"आई, उद्या येशील?"

स्वरूपानं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि न बघता पर्समध्ये टाकलं.

"येईन की," ती म्हणाली. "रोज येईन." आणि हात लांब करून तिनं दार आतून लावून घेतलं.